डावरीची गिटार

"दुखलं का?" सुई काढून कापूस दाबत मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "मी तुमचा हात बघत होतो. डावा."

झालं! मनात म्हटलं, आता हाही तेच म्हणणार. पुंडलिकनगरच्या आमच्या लॅबमध्ये सकाळी रक्त द्यायला येणाऱ्या दहा माणसांत एक तरी असा निघतोच — "बाई, उजव्या हातानं घ्या की." एक आजोबा तर बाही खाली ओढून उठूनच गेले होते. डाव्या हातानं काढलेल्या रक्ताचा रिपोर्टही वाकडाच येणार, असा त्यांना धाक.

हातमोजे काढून मी बाटलीवर नाव लिहायला घेतलं. बद्रीनाथ, वय एकोणतीस, राहणार पडेगाव. हा बद्रीनाथ खुर्चीतून उठायचं सोडून आता माझ्या उजव्या हाताकडं बघत होता... बाटली धरलेल्या बोटांकडं.

"मग गिटार उलटी धरता?"

पेन थांबलं. "मी गिटार वाजवते हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या बोटांनी. चारी बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडलेत. भांडी घासून शेंड्यांना पडत नसतात. अन् पडलेत उजव्या हाताला, म्हणजे तारा उजव्यानं दाबता. म्हणजे —"

"म्हणजे तुम्ही ज्योतिषी आहात."

"सुतार हाय." अंगात एकशे एक ताप, डोळे लाल, तरी तो हसला. "पण दारं-खिडक्या नाय करत. भजनी मंडळांच्या पेट्या, कव्वालीवाल्यांचे बेंजो, गिटारी. ज्या लाकडातून आवाज निघतो तेवढंच लाकूड."

बाहेर चार माणसं खोळंबली होती. तरी मी त्याला सांगून टाकलं. कॉलेजात मैत्रिणीकडून घेतलेली जुनी गिटार, उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली. तारा काढून उलट्या क्रमानं लावल्या, पण आवाजाची बटणं कुठं जाणार? ती येतात नेमकी माझ्या कोपराखाली. गाण्याच्या भरात कोपर लागतं अन् आवाज मरतो.

"दुसऱ्याच्या चपला घालून किती दिवस चालणार, मॅडम?" तो म्हणाला. "बरा झालो की या पडेगावला. तुमच्या हाताची करून देतो."

"माझ्या हाताची..." मी उगाच ते शब्द पुन्हा म्हणून पाहिले. मग सावरून म्हटलं, "तुम्ही माझी बोटं वाचलीत, मीही एक सांगते. तुमची शीर फार सरळ आहे. एका टोच्यात सापडली."

"सरळ हाय म्हणून तर सगळीकडं सापडतो," असं म्हणून तो कापूस दाबत निघून गेला.

टायफॉइड निघाला नाही. रिपोर्टवर 'नॉर्मल' वाचून मला जरा जास्तच बरं वाटलं, हे मी कुणाला बोलले नाही.

*

माझं नाव वच्छला. वडिलांच्या आईचं नाव, तसंच्या तसं मला लावलेलं. वडील पाचोडला शेती बघतात, मी आणि आई इथं भाड्यानं राहतो. लहानपणी डाव्या हातात पोळी धरली की हातावर चापट बसायची. प्रसाद डाव्या हातानं घेतला म्हणून एकदा अख्ख्या पंगतीसमोर परत ठेवायला लावला होता. आणि आई... तिचं एक वेगळंच. पाहुण्यांसमोर डोळे वटारायची, पाहुणे गेले की पीठ मळता मळता म्हणायची —

*डावरी माझी लेक, हिला बोलू नका कुणी,*
*डाव्याच अंगाला गं, वाहे काळजाचं पाणी.*

आईच्या ओव्या अशाच. जात्याचं घर सुटलं, मिक्सर आला, पण ओवी काही तिच्या तोंडातून सुटली नाही. मी गिटारीवर वाजवायचे त्या तिच्याच ओव्या. पण दोन वर्षांत दोन स्थळं आली, अन् पोहे देताना हात चुकला म्हणून दोन्ही गेली, तेव्हापासून तिच्या ओव्यांत मी येईनाशी झाले होते. "तिसऱ्या वेळेला तरी उजव्यानं दे गं बाई," ती म्हणायची. "अन् आपल्यातलं, घर बघून आलेलं स्थळ असलं, तर हातचं घालवू नको."

कपाटापासून कात्रीपर्यंत, बसच्या दांडीपासून शाळेतल्या बाकापर्यंत एकही वस्तू माझ्या हाताकडं बघून केलेली नव्हती. म्हणूनच त्या तापातल्या माणसाचं वाक्य माझ्या मनातून जाईना. पुढच्या रविवारी मी बसनं पडेगावला उतरले.

दौलताबादच्या रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड. आत रंध्याच्या सालींचा लाटालाटांचा ढीग अन् लाकडाचा गोडूस, ओलसर वास. शेजारच्या शेडमध्ये विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारे निजामुद्दीनचाचा, पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, बोटांवर तांब्याच्या तारेची चमक.

"हात द्या," बद्रीनाथ म्हणाला.

मी डावा पुढं केला.

"तो नंतर. आधी उजवा. गिटारीचा गळा त्याच्या मुठीत राहणार ना."

त्यानं कागदाची एक पट्टी माझ्या तळव्याभोवती गुंडाळली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत मोजली. एकेका पेराचं अंतर पेन्सिलीनं पट्टीवर मांडलं. कासार बांगडी भरताना हात चेपून बघतो तसा तो बघत होता... पण चेपत मात्र नव्हता. पाखरू हातात यावं अन् उडून जाऊ नये, एवढंच धरत होता. मला आईची एक ओवी आठवली अन् मी घाईघाईनं छताकडं बघायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही."

"तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणालात."

"ओवी होती. कासाराची."

"मग म्हणा की मोठ्यानं. मोजतानी हात ढिला राहील."

म्हणावी लागली. डोळे छतालाच ठेवून म्हटली —

*कासारा रं दादा, हात जास्त धरू नको,*
*चुडा भरता भरता, मन माझं चोरू नको.*

पट्टी त्याच्या हातातून निसटली. ती उचलायला तो वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला, "वाह! और एक बोलो बेटी, इसका नाप अभी पूरा नहीं हुआ!"

*

त्यानं मला समजावून सांगितलं ते असं. एक गिटार भरीव असते, सगळं लाकूड. वायर लावल्याशिवाय बोलत नाही. एक पूर्ण पोकळ असते, ती आपली आपण गाते, पण वायर लावून आवाज वाढवला की शिट्टी घालते, आपलाच आवाज ऐकून बावरते. माझ्यासाठी तो तिसरी करणार होता. मधोमध सागाचा एक भरीव कणा, आणि दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे.

"घरात वायर न लावता वाजवलं तर तुमच्यापुरती ऐकू येईल. घरमालक वरडणार नाय. अन् कुठं स्टेजवर गेलात तर कणा तिला सांभाळील."

"आणि पोकळी कशाला मग? सगळाच कणा का नाही?"

तो रंधा मारता मारता थांबला. "माणूस सगळा भरलेला असला, तर त्याच्याशी बोलणार कसं? आपलं बोलणं त्याच्यात जाईल कुठं?"

असं काहीतरी तो बोलायचा अन् लगेच खाली मान घालून रंधा मारायला लागायचा, जणू बोललेलं ते रंध्यानंच.

वरच्या पृष्ठभागासाठी त्यानं शिवणीच्या लाकडाची एक फळी काढली. नऊ वर्षांपूर्वी वखारीत सापडलेली, तेव्हापासून जपून ठेवलेली. तिच्या रेषा नदीच्या वाळूवर पाणी ओसरल्यासारख्या. ती त्यानं जाडीतून चिरली आणि पुस्तकाची पानं उघडावीत तशी उघडली, तर डाव्या पानावर जी रेघ, तीच उजव्या पानावर. आरशात बघितल्यासारखी.

"हे कुणासाठी ठेवलं होतं?"

"माहीत नव्हतं," तो म्हणाला.

रविवारामागून रविवार जात राहिले. आईला मी सांगितलं होतं की गिटार दुरुस्तीला दिली आहे. अर्धं खरंच होतं ते.

एक नियम मला लवकरच कळला. हवेत ओल असेल त्या दिवशी बद्रीनाथ सरस लावत नसे. लाकूड पाणी पितं, आज जोडलं तर उन्हाळ्यात तोंड उघडतं, असं त्याचं म्हणणं. भाद्रपदात पावसाची भुरभुर लागली की हत्यारं भिंतीला अन् आम्ही दोघं दाराशी. पत्र्यावर पाऊस... समोर ओलाचिंब रस्ता, खुलताबादेकडं जाणाऱ्या गाड्या, चाचांकडून आलेला कमी दुधाचा चहा. मी आईच्या ओव्या म्हणायचे, तो ऐकायचा. त्याची आई लहानपणीच गेली, वडिलांनी पेट्या दुरुस्त करत वाढवला, तेही तीन वर्षांपूर्वी गेले. आता घरात तो आणि दोन मांजरी.

मी कॅलेंडरवर रविवार बघायचे, आणि मग आभाळ. ढग दिसले की बरं वाटायचं. गिटार लवकर व्हावी म्हणून जाणारी मी... ती उशिरा व्हावी म्हणून ढग मागत होते. माझं मलाच हसू यायचं.

चाचांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "बेटी, एक बात पे गौर किए तुम? ये लड़का सबकू ताई बोलता. सब्जीवालीकू ताई, बैंक की साहेबकू ताई, मेरी बेगमकू भी ताई! तुमकू मैडम बोलता. क्यों?"

"मी लॅबमधली म्हणून असेल."

"हौ, हौ. लॅबकी वजह से," चाचा म्हणाले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

मीही त्याला भाऊ म्हणत नव्हते. 'मिस्त्री' म्हणत होते. ते चाचांनी बोलून दाखवलं नाही, एवढी त्यांची मेहरबानी.

*

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली. आता काम धावायला हवं होतं, तर ते थांबलंच. कार्तिकात एका रविवारी गेले, तर गिटार निळ्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेली. "सरस वाळतोय." पुढच्या रविवारी, "पॉलिश चांगलं मिळंना." त्याच्या पुढच्या रविवारी, "पिकप नाय आले अजून. तारांचा आवाज वायरीत घालणारी चुंबकं ती, चाचा त्यांच्यावर तार गुंडाळतायत." आणि बोलताना तो माझ्या डोळ्यांकडं बघेना. नजर आपली कुठंतरी माझ्या बॅगेवर, नाहीतर दारावर.

पौषात एकदा तो वखारीत गेला होता अन् मी चाचांच्या शेडमध्ये त्याची वाट बघत बसले. सहज म्हटलं, "चाचा, पिकप किती दिवस लागतील अजून?"

"कायके पिकप?" चाचांनी चष्मा वर केला. "मैं तो कबका दे दिया ना! दिवाली के पहलेच!"

मी तशीच उठले आणि मिळेल त्या बसनं घरी आले. सारा रस्ता खिडकीच्या काचेत माझंच तोंड मला दिसत होतं, आणि ते हसत होतं. म्हणजे सबबी होत्या सगळ्या! गिटार झाली की मी यायची थांबेन, म्हणून हा माणूस दोन महिने ती चादरीत गुंडाळून बसला आहे! मी ढग मागत होते तसाच तोही...

आठवडाभर मी रक्त काढता काढता एकच वाक्य जुळवत होते. संक्रांतीनंतरच्या रविवारी आईनं केलेले तिळाचे लाडू डब्यात घेतले, आणि अबोली रंगाची ओढणी... ती काही गिटारीसाठी घेतली नव्हती.

"मला कळलंय," शेडच्या दारातच मी म्हणाले. "तुम्ही का लांबवताय ते."

बद्रीनाथच्या हातातली कानस खाली पडली. चेहरा पांढराफटक. "कळलं? चाचा बोलले?"

"हो. आणि मला... मला राग नाही आला."

"नाय आला?"

"उलट..." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत मी म्हटलं, "उलट मला असं वाटलं की आपण दोघंही एकच —"

"मॅडम, सागाचं काही चुकलं असतं तर मी रातोरात नवं केलं असतं. पण शिवणीची ती फळी आता कुठून आणू?"

"फळी?" मी ओढणी सोडली. "फळीचं काय मधेच?"

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. त्याला कळलं की मला काहीच कळलेलं नाही. आणि मला... मला बसच्या खिडकीतलं ते हसणारं तोंड आठवलं, अन् कानांच्या पाळ्यांपर्यंत आग झाली.

त्यानं माळ्यावरून गाठोडं उतरवलं. चादर सोडली.

किती देखणी होती ती! मधाच्या रंगाची, दोन्ही बाजूंना आवाजासाठी कोरलेल्या नागमोडी चिरा, शिवणीच्या रेषा मधल्या सांध्यापाशी येऊन एकमेकींना भेटलेल्या. मला कुठं काही चुकलेलं दिसेना. त्यानं ती माझ्या मांडीवर ठेवली. उजवी मूठ गळ्याभोवती गेली अन् गळा तिच्यात असा बसला, की जणू मूठच आधी झाली होती. डावा हात बटणांच्या जागा चाचपायला खाली गेला.

तिथं गुळगुळीत लाकूड होतं.

बटणांची तिन्ही भोकं वरच्या अंगाला होती. माझ्या डाव्या कोपराखाली. अगदी माझ्या जुन्या गिटारीसारखी.

"तुमच्यासाठी खुणांचा फर्मा उलटा केला," तो हळू बोलत होता. "इथवर बरोबर. पण भोकं पडतात आतल्या बाजूनं, कणा चुकवायचा असतो म्हणून. मग फळीही उलटी केली. दोनदा उलटं केल्यावर..."

"सरळ होतं."

"उजवं होतं."

"आणि हे कधी कळलं?"

"गिटारीची पोकळी बंद करून, आवळलेले शिकंजे सोडून मांडीवर घेतली तेव्हा. तुमच्यासारखी धरून बघत होतो, डाव्यानं. बटण शोधलं, अन्..." त्यानं मान खाली घातली. "पंधरा वर्षं लाकूड कापतोय, असलं कधी झालं नाय. भोकं पाडली त्या रविवारी तुम्ही तिथं दाराशी बसून ओवी म्हणत होता. मी गिरमिट फिरवत होतो, पण फळीकडं बघत नव्हतो."

मी गिटार बाकावर ठेवली आणि बाहेर आले.

रस्त्याच्या कडेला पेरूवाली बसली होती. मी तिच्यासमोर उगाच उभी राहिले. बस आली, कंडक्टरनं "चला, शहर, शहर" केलं. मी चढले नाही. राग येत होता, पण भोकांचा नव्हता. भोकं चुकू शकतात. माझ्याही सुईला कधी शीर सापडत नाही, मग मी माणसाला तसं सांगते अन् दुसरा हात मागते. हा बोलला का नाही? दोन महिने मी दर रविवारी इतक्या लांब यावं, अन् यानं दारावर नजर ठेवून पॉलिशच्या गोष्टी सांगाव्यात? पेरूवाली म्हणाली, "घ्यायचे का निस्ते बघायचे, बाई?" चार पेरू घेतले अन् परत फिरले.

तो तसाच बसला होता, जागचा हलला नव्हता.

"सांगितलं का नाही?"

"नवी करणार होतो. तशी फळी शोधतोय. वखारी पालथ्या घातल्या, जालन्यालाही जाऊन आलो."

"ते नाही विचारलं. सांगितलं का नाही?"

त्यानं खाली पडलेली कानस उचलून बाकावर ठेवली. "तुम्ही म्हणाला असता, हाही त्यातलाच. ह्यालाही शेवटी उजवा हातच दिसला."

माझा राग तिथंच कुठंतरी सांडला. पण मी तसं दाखवलं नाही.

"आणि हिचं काय करणार होतात?"

"बंबात घालीन."

"बंबात!" मी गिटार उचलून छातीशी धरली. "आमच्याकडं वाकळ फाटली तर ठिगळ लावतात, मिस्त्री. वाकळ चुलीत नाही घालत. भोकं बुजवा."

"बुजवली तरी दिसतील. ह्या लाकडावर डाग कसा लावू मी?"

"दिसू द्या की. कोपर माझं टेकणार आहे तिथं, तुमचं नाही."

तो माझ्याकडं बघायला लागला. कित्येक रविवारांनंतर पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत.

मग आम्ही कामाला लागलो. त्यानं भोकांच्या मापाच्या, शिसवीच्या काळ्याभोर गोल गुळ्या कातल्या. एकेक गुळी सरसात बुडवून भोकावर ठेवायची, मी डाव्या अंगठ्यानं दाबायची, तो वरून लाकडी हातोडीनं अलगद ठोकायचा. तिसऱ्या वेळेला मी अंगठा काढायला उशीर केला, आणि त्यानं हातोडी मारायला. सरस गरम होता. आमची बोटं चिकटली, अन् ती सोडवायची घाई दोघांनाही नव्हती.

"आता नवी भोकं," तो म्हणाला आणि फर्मा शोधायला लागला.

"फर्मा नको." मी गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले. हात हवेतून खाली आला, जिथं टेकला तिथं टेकला. "इथं खूण करा."

त्यानं माझ्या बोटाशेजारी पेन्सिल टेकवली. तीन वेळा. मग गिरमिट माझ्या हातात दिलं, डाव्या.

"मी धरतो. तुम्ही फिरवा."

"चुकलं तर?"

"शिसव लई हाय माझ्याकडं."

*

आणखी तीन रविवार गेले. पॉलिशचे सहा हात झाले, चाचांनी कपाळावर चष्मा चढवून वायरी जोडल्या, तारा चढल्या. त्या दिवशी दुपारचं ऊन दारातून आत येऊन सालींवर पडलं होतं. मी वायर न लावताच वाजवायला सुरुवात केली. आवाज इतका जवळचा, की कुणीतरी शेजारी बसून गुणगुणतंय. कोपर शिसवीच्या तीन काळ्या टिकल्यांवर टेकलं होतं. आईची नव्हे, मी माझी स्वतःची ओवी म्हटली —

*अर्धी पोकळ गं बाई, अर्धी भरीव ही काया,*
*पोकळीत नाद राही, भरीवात राही माया.*

चाचा दारात उभे होते. डोळे पुसत आपल्या शेडमध्ये गेले, आणि तिथून लगेच कुणा गिऱ्हाइकावर ओरडायला लागले.

"झाली," बद्रीनाथ म्हणाला. "न्या आता."

"हो."

"महिन्यानं एकदा आणा. नवं लाकूड बसतं, तारा बघाव्या लागतात."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर... वर्षातून एकदा. पावसाळा संपला की."

"वर्षातून एकदाच?"

तो गिटार पेटीत ठेवून बंद लावत होता. लावलेला बंद त्यानं पुन्हा सोडला, पुन्हा लावला. "त्या रविवारी तुम्ही काहीतरी म्हणत होता," तो म्हणाला. "आपण दोघंही एकच... म्हणून. मी मधेच फळीचं बोललो. ते राहून गेलं."

"आठवडाभर जुळवलं होतं ते वाक्य. आता विसरले."

"मग मी बोलू?"

"बोला."

"मला नाय येत जुळवता." त्यानं श्वास घेतला. "तुम्ही येत नाय त्या दिवशी शेडमध्ये सगळं असतं, अन् काहीच वाजत नाय. एवढंच हाय."

मी पेटी उचलून म्हटलं, "आज बसनं नाही जाणार. सोडा मला."

स्कूटरवर आमच्या दोघांच्या मधे गिटारीची पेटी. त्याची पाठ तिला टेकलेली, माझी हनुवटी तिच्यावर. पडेगाव मागं पडलं, रस्ता छावणीच्या झाडांत शिरला. मधे ती बसलेली, एखाद्या करड्या आत्याबाईसारखी, आणि ती तर मीच हौसेनं करून घेतलेली!

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"काय झालं? काही राहिलं?"

मी उतरले. पेटीचे पट्टे खांद्यांवर घेतले, तिला पाठीशी टाकलं आणि पुन्हा बसले. आता मधे काहीच नव्हतं. माझा डावा हात त्याच्या खांद्यावर गेला, अन् स्कूटर सुरू व्हायला दोन-तीन किका जास्तच लागल्या.

"कुठवर सोडू?" क्रांती चौकात त्यानं मान न वळवता विचारलं. "कोपऱ्यावर?"

"दारापर्यंत. या वेळेला आई ओट्यावर भाजी निवडत असते."

स्कूटर इतकी हळू झाली की दोन सायकलवाले पुढं निघून गेले.

"त्या काय म्हणतील? मी तुमच्यातला नाय. घरदार म्हणाल तर पत्र्याची शेड अन् दोन मांजरी."

"खूप काही म्हणेल. वडिलांना पाचोडहून बोलावून घेईल. रडेलसुद्धा."

"मग?"

"मग काय, तुम्ही दोन महिने चादर घालून ठेवलं तसं मी नाही ठेवणार. भीती वाटते का?"

"लई."

"मलाही. जरा जोरात घ्या गाडी."

आई ओट्यावर होती. मेथीची जुडी मांडीत, पानं एकीकडं, काड्या एकीकडं. स्कूटर थांबली तशी तिनं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं, पाठीवरच्या पेटीकडं पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावरून अजून न निघालेल्या माझ्या हाताकडं पाहिलं.

मी खाली उतरले.

"आई, हे बद्रीनाथ. पडेगावला असतात, सुतार आहेत. गिटार यांनीच केली. आणि लग्न मला यांच्याशीच करायचंय." मग श्वास घेऊन म्हटलं, "आधी चहा टाक. मग भांडू."

आईच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. बद्रीनाथनं स्कूटर धड स्टँडला लावली नव्हती, ती तशीच दोन्ही हातांनी धरून तो उभा होता. आईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. सालींचा भुगा लागलेले बूट, सरसाचे डाग पडलेली बोटं, घामेजलेलं कपाळ. गल्लीतून एक रिक्षा गेली. समोरच्यांनी खिडकी उघडली, बघितलं, अन् लावली नाही.

आईनं पदर झटकला. मेथीची पानं ओट्यावर पडली. ती उठून दाराशी गेली आणि आमच्याकडं पाठ करूनच उभी राहिली.

"यांना साखर किती लागती?" तिनं मला विचारलं.